विष घालणाऱ्या म्हातारीचं कुंकू

सून घरात येऊन दोन महिने व्हायच्या आत तिने मला खलनायिका केलं. बहुतेक सासवांना या पदासाठी बरीच वर्षं खपावं लागतं. माझी बढती लवकर झाली, आणि तीही तोंडी नाही, चक्क पांढऱ्यावर काळं करून.

आमचं घर मुलुंड पूर्वेला. त्यात मी, यजमान, मुलगा आणि सून. मुलगा नोकरीपायी महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतो, त्यामुळे या हकिकतीत तो येणार नाही. घरी असतानाही तो कुठल्या हकिकतीत सापडायचं टाळतोच. यजमान वर्तमानपत्र वाचतात. माझ्याबरोबर इतकी वर्षं काढली त्याचं श्रेय ते स्वतःच्या एका शोधाला देतात. टोचून बोलायच्या आधी म्हणे माझा डावा गाल किंचित आत जातो. गाल आत गेला की ते पेपर तोंडासमोर धरतात. बोलणं होऊन जातं, मग ते पान उलटतात.

मी बँकेत होते, घाटकोपरच्या एका शाखेत. आमच्या शाखेतून दरवर्षी एकांकिका व्हायची आणि मला दरवर्षी आजारी आई मिळायची. खाटेवर पडायचं, खोकायचं, आणि दुसऱ्या प्रवेशात मरायचं. दुष्ट जावेचं काम कॅशमधल्या एका बाईला जायचं. तिचा आवाज चिमणीसारखा. ती ‘तुला या घरातून हाकलून देईन’ म्हणाली की वाटायचं, ही आता पासबुक भरून देणार. मी पांघरुणाखाली पडून ती सगळी वाक्यं मनातल्या मनात बरोबर म्हणत असे. निवृत्त झाले तेव्हा पेढे वाटले, शाल मिळाली, भाषणं झाली, पण माझ्या वाट्याला एकदाही खलनायिका आली नाही याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

तर सून. लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी माझं डायनिंग टेबल गेलं. त्यावर कॉम्प्युटरचे दोन पडदे आले, वायरी आल्या, आणि एक काळी पाटी आली, जिच्यावर ती पेनाने चित्रं काढते. ती तिला टॅबलेट म्हणते. मी पाटी म्हणते, कारण मी पाटी म्हटलं की ती दात आवळते. आम्ही जेवायला सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन बसायला लागलो. यजमानांनी एकदा वरण सांडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी सुनेकडे पाहिलं. सुनेने पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर एक म्हातारी होती. अर्धा चेहरा दाराआड, हातात किटली.

“ही कोण?” मी विचारलं.

“सराईवाली. वाटसरूंना चहातून विष देते.”

“का?”

“तिला माणसं आवडत नाहीत.”

“चहा तरी बरा करत असेल. लोक पितात म्हणजे.”

यजमानांचा पेपर वर गेला होता. सुनेचा चहा आमच्याकडे कुणी संपवत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

तिचं काम मला समजलं ते असं. जपानी चित्रकथा असतात, मांगा म्हणतात. सगळ्या काळ्या-पांढऱ्या. तिकडच्या एका प्रकाशकाला आपल्या जुन्या मांगातली पात्रं रंगीत आणि हलती करून हवी होती. ते काम अंधेरीच्या एका स्टुडिओने घेतलं आणि माझी सून तिथे नोकरीला. कधी अंधेरीला जायची, कधी माझ्या टेबलावरून करायची. मशीनला एकेका पात्राची पुष्कळ चित्रं दाखवायची, प्रत्येक चित्रात काय आहे ते शब्दांत लिहून द्यायचं, आणि असं शिकवत शिकवत एक दिवस मशीनने ते पात्र स्वतःहून काढायचं: नव्या कपड्यांत, नव्या जागी, पण माणूस तोच. बाकीच्यांनी तलवारबाज पोरं आणि लांब केसांच्या मुली उचलल्या. माझी सून नवी, म्हणून तिच्या गळ्यात म्हातारी पडली.

आणि म्हातारी काही जमेना. मूळ कथेत ती पूर्ण अशी दिसतच नाही. वाफेच्या मागे, दाराच्या फटीत, पाठमोरी. मशीनला पुरेशी चित्रं मिळेनात, मग ते मनाचं घालायला लागलं. मांगात राखाडी छटेसाठी बारीक ठिपके छापतात; मशीनला वाटलं, हिला देवी आल्या होत्या. पडद्यावर रोज नवी म्हातारी, सगळ्यांच्या तोंडावर व्रण, आणि एकीचीही नजर जागेवर नाही. संक्रांतीच्या आठवड्यात म्हातारी तिकडच्या लोकांनी मान्य केली तर ठीक, नाहीतर ती दुसऱ्या टीमकडे जाणार होती. आणि सून अजून कायम झालेली नव्हती, म्हणजे म्हातारीबरोबर तीही जाणार होती. हे तिने मला सांगितलं नाही. ती फोनवर बोलताना मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. तिथे ऐकू येतं.

एके सकाळी वरच्या मजल्यावरच्या बाईंशी माझं जिन्यात बोलणं झालं. त्यांच्या एसीचं पाणी माझ्या वाळवणावर पडतं. त्यांनी माफी मागितली, मी मोठ्या मनाने ‘असू दे’ म्हटलं आणि आत आले. सून दारात उभी.

“आई, मघाशी केलंत ते तोंड परत करता का?”

“कुठलं तोंड?”

“त्यांना ‘असू दे’ म्हणालात तेव्हाचं.”

तिच्या हातात पाटी होती आणि पाटीवर मी. म्हणजे सराईवाली, पण डोळे माझे. मी चष्मा लावून नीट पाहिलं. चिडावं असं खूप काही होतं त्यात. पण खरं सांगते, इतक्या वर्षांच्या खोकल्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला उभं केलं होतं.

तिचा बेत सरळ होता. मूळ म्हातारी कमी पडते, तर त्याच धाटणीची आणखी चित्रं स्वतः काढायची; तिकडून त्याला परवानगी होती. आणि समोर बसवायला तिला एक तिखट म्हातारी हवी होती.

“मी म्हातारी नाही,” मी म्हणाले.

“तिखटचं काय?”

“त्याचं ठरवू. मला काय मिळणार?”

मला काय हवं होतं ते ती जाणून होती. पहिली संक्रांत. काळी साडी, त्यावर हलव्याचे दागिने, मुकुटापासून कंबरपट्ट्यापर्यंत सगळं पांढऱ्याशुभ्र साखरेच्या काटेरी दाण्यांचं, आणि बिल्डिंगमधल्या बायकांना बोलावून हळदीकुंकू. मी दागिने दादरला सांगूनही ठेवले होते.

“ते साखरेचं चिलखत घालून मी चारचौघींत बसणार नाही, हे मी लग्नाआधीच सांगितलं होतं.”

“कुणाला?”

“तुमच्या मुलाला.”

“त्याला सांगितलेलं या घरात धरत नाहीत.”

तिने पाटीवरच्या माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “एक संध्याकाळ. आणि उखाणा नाही.”

“उखाणा नाही,” मी म्हटलं. हस्तांदोलन केलं नाही एवढंच.

पुढचे काही दिवस मी जितकी मन लावून रागावले तितकी आयुष्यात कधी रागावले नव्हते. अंगाला सोलापुरी चादर किमोनोसारखी गुंडाळायची, कमरेला यजमानांची जुनी शबनम पिशवी फाडून केलेला पट्टा. चष्मा काढला, कुड्या काढल्या, मंगळसूत्र आत सारलं, बांगड्या चादरीखाली गेल्या. सून फार बारीक. ‘घड्याळ काढा, जपानमध्ये तेव्हा घड्याळं नव्हती.’ किटली उचलून मी दाराआडून बघायचे, वळायचे, ओतायचे, पिणाऱ्याकडे मायेने पाहायचे. पिणारे म्हणून यजमानांना बसवलं होतं.

“आई, एवढं नको. ती शांत आहे. तिला घाई नाही.”

“शांतपणा मला शिकवू नकोस. मी बँकेत मॅनेजरला सही मागायला उभी राहायचे.”

ती काढत राहायची. हात सुरेख आहे पोरीचा. हे मी तिला सांगितलं नाही, तिने माझा चहा चांगला असतो हे मला कधी सांगितलं नव्हतं.

चित्रं झाली तसं त्यांचं वर्णन लिहायला आम्ही दुपारी बसायला लागलो. मी बघून सांगायचे, ती लिहायची. तेव्हा तिने मला तिच्या कामातला एक नियम सांगितला.

“जे आपण लिहितो ना, ते मशीन वेगळं समजतं. किटली लिहिली की त्याला कळतं, किटली वेगळी आणि बाई वेगळी. मग पाहिजे तेव्हा किटली काढून घेता येते. जे लिहिलं नाही ते त्या बाईचंच आहे असं समजून तिला कायमचं चिकटवून टाकतं.”

“म्हणजे तुझा भाऊ लग्नात मानापानावरून जे बोलला…”

“आई. किटली.”

“किटली. डावा हात वर. चादर.”

“किमोनो.”

“किमोनो. दार. वाफ. विचार करतेय.”

“रागावलीय.”

“विचार करतेय. मी होते ना तिथे.”

“बरं, विचार करताना तुम्ही कशा दिसता?”

मी करून दाखवलं.

“रागावलेली,” ती म्हणाली आणि लिहिलं.

आणि एक दिवस म्हातारी आली. मशीनने काढली, आमच्यापैकी कुणी नाही. बर्फात उभी, किटली नाही, हातात छत्री, आणि नजर अशी की यजमान म्हणाले, “ही आपल्या जिन्यात उभी आहे असं वाटतं.” ठिपके गेले, व्रण गेले. स्टुडिओतल्या सगळ्यांनी पाहिली. तिची वरिष्ठ म्हणाली, चेहरा आता कुठे भरल्यासारखा वाटतो. म्हातारी जपानला रवाना झाली.

सुनेने मला ताकीद दिली होती की चित्र कुणालाही पाठवायचं नाही, काम गुप्त आहे. मी पाठवलं नाही. मी एकेकीला चहाला बोलावलं, सून अंधेरीला गेलेली असताना तिच्या कपाटावर टाचलेला छापील नमुना दाखवला, आणि सांगितलं, “ही मी.” वरच्या मजल्यावरच्या बाईंना पहिल्यांदा. त्या बराच वेळ चित्राकडे बघत होत्या. तेव्हापासून एसीला नळी लागली.

बातमी बोरिवलीला माझ्या विहीणबाईंपर्यंत गेली. त्यांचा फोन आला.

“माझ्या मुलीने म्हणे तुमचं चित्र काढलं.”

“काढलं ना.”

“विष देणाऱ्या बाईचं.”

“हो.”

“लहानपणापासून तिला हुबेहूब काढायची सवय आहे.”

माझा गाल आत गेला होता, पण फोनवर काय उपयोग. मी त्यांना हळदीकुंकवाचं आग्रहाने आमंत्रण दिलं.

हळदीकुंकू शुक्रवारी. त्याच दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी जपानहून उत्तर आलं. सून वाचताना पांढरी पडत गेली. मी पोळी हातात धरून मागे उभी राहिले. तिकडच्या लोकांनी नम्रपणे विचारलं होतं की या बाईंना कपाळावर गोळी कधी लागली. मूळ कथेत त्या शेवटपर्यंत सुखरूप आहेत. त्यांच्या माणसांनी आमचं मशीन वापरून रंगीत चित्रं काढली, तर प्रत्येक चित्रात ती जखम आली. एकात तर तिच्यातून ओघळ निघून नाकापर्यंत पोचला होता.

आम्ही दोघींनी पडद्याकडे पाहिलं. मग सुनेने माझ्या कपाळाकडे पाहिलं.

चांगलं ठसठशीत गोल कुंकू लावते मी. लग्न झाल्यापासून. घड्याळ काढलं, कुड्या काढल्या, मंगळसूत्र लपवलं, आणि ते मात्र दोघींच्याही नजरेला पडलं नाही. सून स्वतः जीन्सवर टिकली लावत नाही, पण माझ्या वयाच्या बाईच्या कपाळाचा तो भागच आहे असं ती जन्मापासून बघत आलेली. तिने ते इमानदारीने प्रत्येक चित्रात काढलं, आणि शब्दांत एकदाही लिहिलं नाही. मीही सांगितलं नाही. चित्र पाहून ‘नाक आहे’ असं कोण सांगतं? म्हणून मशीनने ते म्हातारीला चिकटवून टाकलं. आणि स्टुडिओतल्या सगळ्या जणींना चेहरा भरल्यासारखा वाटला, त्याचं कारणही तेच.

“तुम्ही काढलं का नाहीत?” सून म्हणाली.

“काय काढायचं? माझा नवरा आत जेवतोय.”

“काळं टिंब आहे ते, आई. काळ्या-पांढऱ्यात ते कुंकू नसतं, भोक असतं.”

“मग काढताना तुला दिसलं नाही?”

तेवढ्यात वरिष्ठ बाईंचा फोन आला: तिकडे उद्या सकाळी बैठक आहे, आज रात्रीच्या आत नवी म्हातारी द्या, नाहीतर काम दुसरीकडे जातंय. नुसतं वर्णनात लिहून भागवू नका, टिंब एकाही चित्रात दिसता कामा नये. म्हणजे माझी सगळी चित्रं परत हातात घ्यायची. नुसतं पुसून चालणार नव्हतं. पुसलं की पांढरा डाग राहतो आणि मशीन डाग शिकतं. पुसून तिथे कपाळ पुन्हा काढायचं, आठ्यांसकट.

“तुमच्या आठ्या फार आहेत,” ती म्हणाली.

“या दोन महिन्यांत वाढल्या.”

“आई, आजचं रद्द करा. प्लीज. माझी नोकरी आहे.”

“विहीणबाई बोरिवलीहून निघाल्या. वाण आणून झालंय. आणि करार करार असतो. तू बस ना कामाला. पण दागिने घालून बस.”

मला वाटलं होतं ती भांडेल. ती उठली आणि काळी साडी नेसून आली.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. माझ्या डायनिंग टेबलाशी, दोन पडद्यांसमोर, काळ्या साडीत सून. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, दंडाला बाजूबंद, कमरेला पट्टा. काळ्यावर पांढरे दाणेच दाणे. ती स्वतःच त्या मांगाच्या पानातून उठून आल्यासारखी दिसत होती. हात हलला की बाजूबंद खडखडायचा आणि एखादा दाणा कीबोर्डात पडायचा. तिने मान वर केली नाही. मी बायकांना म्हटलं, “ऑफिसचं तातडीचं आहे, तुम्ही आपलं सुरू करा.”

त्यांनी सुरू केलं. पहिलं वर्ष, म्हणून प्रत्येकीने तिला हळदीकुंकू लावायचं. एकेक जण वाकायची, सुनेच्या कपाळाला बोट टेकवायची, वरून गुलाबदाणी झटकायची, आणि सून एका हाताने पाटी झाकून घेत पुन्हा पेन टेकवायची. तिच्या कपाळावरचं कुंकू दर बाईगणिक मोठं होत होतं. पडद्यावर माझ्या कपाळावरचं दर चित्रागणिक नाहीसं होत होतं. हे मला दिसत होतं. अजून कुणाला दिसू नये म्हणून मी पडद्यापुढे तिळगूळ-बोरांचे वाडगे मांडत होते.

विहीणबाई उशिरा आल्या. आल्या त्या थेट मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

“काय करतेस गं?”

“पुसतेय,” सून म्हणाली. ती पूर्ण कामात होती.

“काय पुसतेयस?”

“कुंकू.”

“कुणाचं?”

“आईंचं.”

खोलीत कुणाचीतरी वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तोही नाही. बेडरूममध्ये यजमान वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून ठेवलं असावं, कारण तेवढंच ऐकू आलं.

सगळ्या टेबलाभोवती जमा झाल्या. पडद्यावर मी, मोठीच्या मोठी. एका चित्रात कुंकू, शेजारच्यात कपाळ कोरं. आणि हे माझ्याच घरात, हळदीकुंकवाच्या दिवशी, माझी सून स्वतःच्या हाताने करतेय.

“बंद कर ते,” विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खराखुरा घाबरलेला होता. “आजच्या दिवशी असल्या कामाला हात लावायचा नाही. बंद कर आधी.”

“मम्मी, थोडीच राहिलीत.”

“एकही नाही पुसायचं. घरात सासरा आहे तुझा, काही वाटतं का?”

“बरोबर आहे त्यांचं,” वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. “उद्या करायचं. एवढं काय अडलंय?” बाकीच्या माना हलल्या. विहीणबाईंनी मुलीचं मनगट धरलं. बाजूबंद तुटला आणि दाणे फरशीवर पसरले.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिने काही मागितलं नाही. ती मागणाऱ्यातली नाही.

खरं सांगायचं तर गप्प बसणं किती सोपं होतं. माझी सून, साखरेच्या मुकुटात, सगळ्यांदेखत, स्वतःच्या आईची बोलणी खातेय. असला प्रवेश मला बँकेच्या एकाही एकांकिकेत मिळाला नव्हता. पण तेव्हाच मला दिसलं की नोकरी गेली तर ही पोर दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात असणार, माझ्याच ओट्यापाशी, तो तिचा चहा करत. आणि दुसरंही दिसलं. माझ्या कपाळावरच्या आठ्या ती इतक्या मन लावून परत काढत होती की एकही चुकली नव्हती. त्या तिला वगळता आल्या असत्या.

तिला सोडवायचा एकच मार्ग होता, आणि तो मला अजिबात नको होता.

“ही मी नाही,” मी म्हणाले.

“अहो, तुम्हीच तर दाखवलंत,” वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. “मला खास बोलावून.”

“मी काय, काहीही सांगते. नाटकात कामं केलेली बाई मी. चार लोकांनी बघावं म्हणून फुशारकी मारली. ही जपानी बाई आहे. सराई चालवते. हिचा नवरा कधीच गेला, पहिला चहा त्यालाच पाजला. तो तीळ आहे कपाळावर. जपान्यांना नकोय, म्हणून काढतेय.”

“मग ही कुंकू का म्हणाली?” विहीणबाईंनी विचारलं.

“तिला कुठे मराठी धड येतं. काळं गोल दिसलं की कुंकू. इंग्रजी शाळेत कुणी घातली तिला?”

विहीणबाईंचं तोंड उघडलं. आता शाळेची बाजू घ्यावी की मुलीच्या मराठीची, हे त्यांना ठरवता येईना. त्या अडकल्या तेवढ्यात मनगट सुटलं आणि सुनेचं पेन पाटीवर टेकलं.

“पण चेहरा…” वरच्या मजल्यावरच्या बाई चिवट आहेत. “चेहरा तर अगदी…”

“माझं तोंड असं आहे?” मी विचारलं, आणि सगळ्यांना नीट बघता यावं म्हणून पडद्याशेजारी जाऊन उभी राहिले.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. गोड बोलण्याचा दिवस होता, त्यामुळे कुणी उत्तर दिलं नाही.

“ही तीच असती तर पहिला चहा मीच प्यायलो असतो. मी अजून आहे ना इथे,” यजमान बेडरूमच्या दारातून म्हणाले. “मला एक तिळाचा लाडू द्या आणि तिला काम करू द्या.” त्यावर बायका हसल्या आणि वाणाकडे वळल्या.

सुनेने रात्रीच्या जेवणाच्या आधी मशीनला नव्या चित्रांवर शिकायला बसवलं आणि जेवणानंतर म्हातारी पाठवली. तोवर ती मुकुट काढायलाही उठली नव्हती. विहीणबाई जाताना मला म्हणाल्या, “शाळा चांगलीच होती हं.” मी त्यांना दोन वाणं जास्त दिली. बिल्डिंगमध्ये मात्र माझी नाचक्की झाली. ज्यांना मी ‘ही मी’ म्हणून सांगितलं होतं त्या सगळ्यांच्या लेखी मी आता एक थापाडी बाई होते, जिला एका जपानी म्हातारीच्या जागी मिरवायचं होतं. एसीची नळी दुसऱ्या दिवशी निघाली. पाणी परत माझ्या वाळवणावर.

सोमवारी उत्तर आलं. म्हातारी मान्य झाली. सुनेने पडदा माझ्या बाजूला किंचित वळवला. म्हातारी सराईच्या दारात उभी होती, रंगीत, जांभळा किमोनो, हातात किटली. कपाळ लख्ख कोरं.

मला ते बघवेना. “ही कोण?” मी म्हटलं.

“कुणी नाही,” सून म्हणाली. “जपानी बाई आहे. तुम्हीच सांगितलंत सगळ्यांना.”

“चांगलं लक्षात ठेवलंस.”

“आवडलीय त्यांना. एक गोष्ट खास आवडली म्हणे, पण काय ते त्यांना नीट सांगता येईना. विष देण्याआधी ती काहीतरी करते. आम्ही कुणीच तसं काही लिहिलं नव्हतं.”

मी चष्मा लावून जवळून पाहिलं. तेवढ्यात यजमान चहाचा कप घेऊन आमच्या मागून निघाले होते. त्यांची नजर पडद्यावर गेली. चित्र हलायला लागलं होतं; म्हातारी समोरच्या वाटसरूला पेला पुढे करत होती.

यजमान जागीच थांबले. काखेतलं वर्तमानपत्र काढून त्यांनी तोंडासमोर धरलं.